कमी चाललेली गाडी की सांभाळलेली गाडी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एकाच मॉडेलच्या दोन पेट्रोल ऑटोमॅटिक गाड्या पाहून झाल्यात, दोन्ही सहा वर्षांच्या. एक ३८,००० किलोमीटर चाललेली, दुसरी १,१०,०००. किमतीत फरक आहे, पण आवाक्याबाहेरचा नाही. घरात पाच माणसं आहेत आणि गाडी निदान सात-आठ वर्षं ठेवायची आहे. मग पहिलीच घ्यावी हे उघड नाही का, आणि तिचं इंजिन चांगलं आहे एवढी खात्री कशी करायची?

उघड अजिबात नाही. आज दोन्ही गाड्या चालू करून पाहिल्यात तर दोन्ही इंजिनं चांगलीच वाटतील. सहा वर्षांत आजकालचं इंजिन सहसा हात टेकत नाही. सात-आठ वर्षं गाडी ठेवायची तर विचारायचं ते वेगळं: तोवर या गाडीत कोणती मोठी कामं निघणार, त्यातली किती आधीच्या मालकाने उरकलीत आणि किती तुमच्या गळ्यात येणार. गाडी पारखताना मी दोषांच्या दोन राशी करतो. एका राशीत खर्च: टायर, ब्रेक, बॅटरी, शॉकअब्सॉर्बर, सस्पेन्शनचे बुश. हे झिजणारच, बदललं की विषय मिटला. दुसऱ्या राशीत रोग: एकदा तापून गेलेलं इंजिन, घसरणारा गिअरबॉक्स, पाण्यात बुडालेलं वायरिंग, वाकलेला सांगाडा. यावर कितीही पैसा ओतला तरी काहीतरी मागे उरतंच. घेणारे बहुतेकदा खर्च पाहून चांगली गाडी नाकारतात आणि पॉलिश केलेला रोग हौसेने घरी आणतात.

आधी आकड्यांचा हिशोब करू. सहा वर्षांत ३८,००० म्हणजे दिवसाला सरासरी १७ किलोमीटर. हे १७ किलोमीटर कसे झाले, यावर सगळं ठरतं. आठवड्यातून एकदा शंभर-सव्वाशे किलोमीटरची सलग चक्कर होत असेल तर गाडी उत्तमच असणार. पण रोज तीन-चार किलोमीटरच्या चार फेऱ्या असतील तर इंजिन कधी पुरतं तापलेलंच नाही. तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणजे कूलंट, इंजिन थंड ठेवणारं द्रव, तापलं. इंजिन ऑइल त्याच्या बरंच मागे असतं, त्याला सलग १५-२० मिनिटं लागतात. तोवर थंड सिलिंडरच्या भिंतींवरून पेट्रोल आणि ज्वलनातून आलेलं पाणी खाली ऑइलमध्ये उतरत राहतं. ऑइल नीट तापलं तर ते उडून जातं, नाहीतर तिथेच साचून आम्ल तयार होतं आणि ऑइलचा चिखल व्हायला लागतो. दुसरी गाडी दिवसाला ५० किलोमीटर चालली. तो एकच थंड स्टार्ट आणि मग सलग मोकळा रस्ता असेल, तर इंजिन, गिअरबॉक्स आणि ब्रेक या तिघांच्या दृष्टीने ती पहिलीपेक्षा सोपं आयुष्य जगली आहे. टॅक्सीसारखी शहरभर फिरवलेली असेल तर गोष्ट पूर्ण उलटी. म्हणून मालकाला पहिला प्रश्न "किती चालली" असा विचारू नका, "रोज कुठून कुठे जायची" असं विचारा. उत्तर सहज आलं तर ते बहुधा खरं असतं.

शिवाय गाडीतल्या निम्म्या वस्तूंना किलोमीटर कळत नाहीत, वर्षं कळतात. रबरी होज, ऑइल सील, ब्रेक फ्लुइड, कूलंट, बॅटरी आणि टायर हे उभ्या गाडीतही म्हातारे होतात. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषतं, त्यामुळे ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. "अजून ४०,००० सुद्धा झालेले नाहीत" म्हणून सहा वर्षं तेच ठेवलेल्या गाड्या भरपूर भेटतात. कमी चाललेल्या गाडीचा धोका नेमका इथे असतो: किलोमीटर झाले नाहीत म्हणून सर्व्हिसिंगही झालेलं नसतं.

आता तो ३८,००० चा आकडा खरा आहे का? मीटर मागे नेणं आजही होतं, डिजिटल मीटरमध्ये तर फारच सोपं झालंय. टायरच्या बाजूच्या भिंतीवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा ३२ वा आठवडा. गाडीसोबत आलेला टायर गाडीच्या तारखेच्या काही आठवडे ते काही महिने आधीचा असतो. ३८,००० वर तेच पहिले टायर निघाले तर आकडा जुळतो. मात्र ते सहा वर्षांचे झालेत, नक्षी शिल्लक असली तरी बदलण्याच्या खर्चात धरा. दुसरा जोड दिसला तर का बदलले ते विचारा, आणि तिसरा जोड दिसला तर मीटरवर विश्वास ठेवू नका. ब्रेक पॅडलचं रबर एका कडेने गुळगुळीत होणं, स्टिअरिंगच्या चामड्याला चकाकी येणं, ड्रायव्हर सीटचा दाराकडचा उंचवटा बसणं, या खुणा ३८,००० ला नसायला हव्यात. पॅडलचं रबर कोरं करकरीत आणि सीट मात्र दबलेली, असं असेल तर रबर नुकतं बदललंय. स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातल्या नोंदी वाचणारं यंत्र, लावला की काही गाड्यांत गिअरबॉक्स किंवा ब्रेकच्या कंट्रोल युनिटमध्ये वेगळी किलोमीटर नोंद सापडते. मीटर फिरवणारे ती पुष्कळदा विसरतात.

कागद पाहताना सर्व्हिस बुकातले शिक्के मोजत बसू नका, बिलं मागा. शिक्का काय केलं ते सांगत नाही, बिल सांगतं. तारीख आणि किलोमीटर सलग चढत आहेत ना, इंजिन ऑइल साधारण १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष यातलं जे आधी येईल तेव्हा बदललंय ना, ऑइलचा ग्रेड गाडीच्या पुस्तकात दिलाय तोच आहे ना, एवढं पाहा. मग पुन्हा पुन्हा येणारं काम शोधा. तीन सलग बिलांवर "कूलंट टॉप-अप" असेल तर कूलंट कुठेतरी जातंय आणि कोणी शोधलेलं नाही. एका वर्षात दोनदा चाकांचं अलाइनमेंट म्हणजे खाली काहीतरी वाकलंय किंवा सैल आहे. बिल नसलेलं काम झालंच नाही असं धरायचं, मालक कितीही सज्जन वाटला तरी.

मॉडेलबद्दलही बोलायला हवं, कारण काही दोष जन्माचे असतात. "अमुक कंपनीच्या गाड्या भरवशाच्या" या वाक्याचा फारसा उपयोग नाही. एकाच कंपनीचं एक इंजिन तीन लाख किलोमीटर चालतं आणि दुसऱ्याची टायमिंग चेन (पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवणारी साखळी) लाखाच्या आतच सैल पडते. म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्स या जोडीची माहिती काढा, तीही त्याच उत्पादन वर्षाची. पूर्ण नवं मॉडेल आलं की पहिल्या वर्ष-दीड वर्षाच्या गाड्यांत बारीक दोष जास्त निघतात, पुढे ते कंपनी गुपचूप सुधारत जाते. शक्य तिथे मॉडेलच्या मधल्या किंवा शेवटच्या वर्षांतली गाडी घ्या. सुट्या भागांच्या दुकानदाराला विचारा की या गाडीचा कोणता भाग तो कायम शेल्फवर ठेवतो. जे वारंवार जातं तेच तो ठेवतो. इतकं प्रामाणिक उत्तर दुसरीकडे मिळणं कठीण. चेसिस नंबरवरून कंपनीने दोषदुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावल्या होत्या का आणि या गाडीचं ते काम झालं का, हेही कळतं.

त्यातच टायमिंगची भानगड समजून घ्या, कारण ती थेट तुमच्या सात-आठ वर्षांत पडते. चेनच्या जागी कोरडा रबरी बेल्ट असेल तर तो गाडीनुसार बहुधा ६०,००० ते १,००,००० किलोमीटरला किंवा ठरावीक वर्षांनी बदलायचा असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात मिळेल. तो तुटला की बहुतेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, खोलावं लागतं. बेल्टबरोबर त्याला ताणून धरणारा टेन्शनर, वाट दाखवणारा आयडलर आणि बेल्टवर चालणारा वॉटर पंप एकाच वेळी बदललेला असावा. चेन असेल तर ती "आयुष्यभराची" असं सांगतील. चेन टिकते ती वेळेवर ऑइल बदललं तरच, कारण तिचा टेन्शनर बहुधा ऑइलच्या दाबावर चालतो आणि घाणेरड्या ऑइलने कड्यांच्या पिना झिजून चेन लांबते. तिसरा प्रकार म्हणजे ऑइलमध्ये बुडून चालणारा बेल्ट. चुकीचं किंवा जुनं ऑइल लागलं की त्याचा भुगा सुटतो, तो ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो आणि ऑइलचा दाब घसरून इंजिन जातं. अशा इंजिनाच्या गाडीत ऑइलची बिलं अपुरी असतील तर मी पुढे पाहतच नाही.

आता प्रत्यक्ष गाडीकडे. वेळ ठरवतानाच सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर परत या किंवा तीन-चार तास थांबा. गरम इंजिन बरंच काही लपवतं.

चालू करण्याआधी ऑइल फिलरचं झाकण काढून आत टॉर्च मारा. सोनेरी-तपकिरी पातळ डाग चालतात. काळा, खरवडून निघेल असा थर म्हणजे ऑइल वेळेवर बदललेलं नाही. झाकणाच्या आत पिवळसर फेस असेल तर दोन शक्यता आहेत: छोट्या फेऱ्यांमुळे साचलेली वाफ, किंवा हेड गॅस्केटमधून, म्हणजे हेडखालच्या सीलमधून, ऑइलमध्ये उतरणारं कूलंट. डिपस्टिकवरही दुधट रंग असेल तर दुसरी शक्यता धरून चाला. कूलंटच्या टाकीत स्वच्छ, रंगीत पाणी दिसायला हवं. गंजट चहासारखं दिसत असेल तर कोणीतरी वर्षानुवर्षं साधं पाणी ओतलंय आणि आतून रेडिएटर व वॉटर पंप खाल्ले जातायत. वर तेलाचा तवंग असेल तर काही इंजिनांत ऑइल कूलर फुटलेला असतो, काहींत हेड गॅस्केट. कूलंटच्या टाकीचं झाकण फक्त थंड इंजिनावर उघडायचं; गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी दाबाने अंगावर येतं.

मग एकाला चावी द्या आणि तुम्ही मागे सायलेन्सरपाशी उभे राहा. पहिल्या एक-दोन सेकंदांत पुढच्या बाजूने साखळी खडखडल्यासारखा आवाज आला तर टायमिंग चेन किंवा तिचा टेन्शनर. क्षणभराची टिकटिक व्हॉल्व्ह दाबणाऱ्या टॅपेटची असू शकते, ती लगेच थांबायला हवी. ऑइलच्या दाबाचा लाल दिवा दोन-तीन सेकंदांत विझलाच पाहिजे. थंडीत पांढरी वाफ थोडी येते आणि गाडी तापली की थांबते, ती सोडून द्या. तापल्यावरही दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येत असेल तर कूलंट जळतंय. निळा धूर म्हणजे ऑइल. तो कधी येतो हे महत्त्वाचं: पाच मिनिटं उभ्यानेच चालू ठेवून मग अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर एक झोत आला तर व्हॉल्व्ह सील, चढावर जोर देताना सतत येत असेल तर पिस्टन रिंग. सील बदलता येतात. रिंग म्हणजे इंजिन खोलणं.

चालू केल्यावर मिनिटभराने रेडिएटरची वरची जाड होज दाबून पाहा. इंजिन अजून थंड आहे, त्यामुळे ती मऊच असली पाहिजे. इतक्या लवकर ती दगडासारखी ताठ झाली तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये घुसतोय. शंका असेल तर मेकॅनिककडे रसायनाची चाचणी असते: टाकीच्या तोंडाशी निळं द्रावण धरतात, ज्वलनाचा वायू आला की ते पिवळं होतं. पाच मिनिटांचं काम आहे.

तापून गेलेलं इंजिन ओळखणं हे या सगळ्यातलं मोठं काम, म्हणून इथे जरा थांबतो. अ‍ॅल्युमिनियमचं हेड एकदा प्रमाणाबाहेर तापलं की वाकतं. ते तासून, नवं गॅस्केट टाकून गाडी चालती होते आणि विकायला येते. कधी ते काम वर्षानुवर्षं टिकतं, कधी सहा महिन्यांत परत फेस दिसतो. खुणा शोधा: हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर ताजं सिलिकॉन, बोल्टच्या डोक्यांवर पान्याचे चकचकीत ओरखडे, बाकी सगळं धुळकट असताना एकच रेडिएटर कोरा, थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी-मिटणारी झडप) नवा, पंख्याची मोटर नवी. विकणारा "रेडिएटर नवा टाकलाय" हे कौतुकाने सांगतो. तुम्ही विचारायचं, जुन्याला काय झालं होतं आणि तेव्हा गाडी किती वेळ तापलेली चालवली. बिलात फक्त रेडिएटर आणि होज असेल तर ठीक. हेड फेसिंग, म्हणजे हेड तासणं, दिसलं तर ती गाडी सात-आठ वर्षांसाठी घेऊ नका.

पुढची पायरी स्कॅनर. सध्याचे फॉल्ट कोड पाहणं हा त्याचा सगळ्यात किरकोळ उपयोग, कारण कोड पुसणं एका बटणाचं काम आहे. पुसल्यावर मात्र गाडीच्या स्वतःच्या तपासण्या, ज्यांना रेडिनेस मॉनिटर म्हणतात, "अपूर्ण" दाखवायला लागतात आणि त्या पूर्ण व्हायला काही दिवसांचं चालवणं लागतं. बऱ्याच गाड्यांत कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले हेही कळतं. तिथे १२ किलोमीटर दिसले तर चार-पाच दिवसांनी पुन्हा स्कॅन केल्याशिवाय बयाणा देऊ नका. गरम इंजिनावर लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक पेट्रोलचं प्रमाण ठरल्यापेक्षा किती वाढवतोय-घटवतोय तो आकडा, साधारण अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत हवी. अधिक १५-२० म्हणजे कुठूनतरी हवा घुसतेय किंवा पेट्रोल कमी पडतंय. कूलंट बहुतेक गाड्यांत ८५ ते १०५ अंशांच्या मध्ये स्थिर राहायला हवं. मोकळ्या रस्त्यावर ७० वर घसरत असेल तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय. तो स्वस्त आहे, पण किती दिवस तसाच चालवला त्यावर इंजिनाची झीज ठरते.

दोन्ही गाड्यांपैकी एक पसंत पडली की कम्प्रेशन टेस्ट करून घ्या. सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडं ठेवून मोजायचं. पेट्रोल इंजिनात १० ते १४ बारच्या दरम्यान काहीही येऊ शकतं, त्यामुळे एकटा आकडा फार काही सांगत नाही. सिलिंडरांमधला फरक १०-१५ टक्क्यांच्या वर जायला नको. काढलेले प्लग पाहायला विसरू नका. फिकट तपकिरी छान, ओलसर काळा चिकट म्हणजे ऑइल, आणि चारांतला एकच धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय.

ऑटोमॅटिक म्हटलं की चार वेगळी यंत्रं येतात आणि चारांची दुखणी वेगळी. टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमधून पुढे देणारा, पारंपरिक गिअरबॉक्स सगळ्यात सोशिक. त्याला मारतं ते जुनं ऑइल. "सीलबंद, आयुष्यभराचं ऑइल" असं लिहिलेलं असलं तरी त्यातलं आयुष्य वॉरंटीपुरतं समजा. ६०,००० ते ८०,००० ला ते बदललेलं असावं. काढलेलं ऑइल काळपट आणि जळक्या वासाचं असेल तर क्लच प्लेटा जळतायत. सीव्हीटीत ठरावीक गिअर नसतात, धातूचा पट्टा दोन पुलींमध्ये दाबला जातो, तो घसरला की पुलीवर ओरखडे पडतात. त्याचं खास ऑइल याहूनही लवकर बदलावं आणि दुसरं कोणतंही चालत नाही. कोरड्या ड्युअल क्लचला, म्हणजे दोन क्लच आलटूनपालटून काम करणाऱ्या गिअरबॉक्सला, कासवगतीची गर्दी सोसत नाही. सावकाश सुटताना गाडीचं अंग थरथरलं तर क्लचचा संच बदलायची वेळ जवळ आलीय. चौथी एएमटी, म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि क्लच दाबणारं यंत्र. तिथे क्लच प्लेट हा खर्च, पण ते यंत्र, म्हणजे अ‍ॅक्च्युएटर, महाग.

तपास असा: ब्रेकवर पाय घट्ट ठेवून एनमधून डीत, परत एनमध्ये, मग आरमध्ये. गिअर सेकंदभरात आणि हलक्या धक्क्याने लागायला हवा. दोन-तीन सेकंदांची वाट आणि मग दणका ही वाईट खूण. एएमटीला थोडी उसंत द्या, तिचा स्वभाव तसा आहे. मग चढावर मध्यम जोर देऊन पाहा, आरपीएम वर जातोय आणि वेग तिथेच, तर ते घसरणं. हे सगळं गाडी अर्धा-पाऊण तास चालवून पूर्ण तापल्यावर दुसऱ्यांदा करा. गिअरबॉक्सचा दोष थंडपणी झाकला जातो, इंजिनाच्या बरोबर उलट. म्हणूनच कोपऱ्यापर्यंतची पाच मिनिटांची टेस्ट ड्राइव्ह काहीच सांगत नाही. त्याच फेरीत मोकळ्या रस्त्यावर ८०-१०० चा वेग घ्या, चाकांकडून येणारा हमिंगचा आवाज गाडी हलकेच डावी-उजवीकडे वळवल्यावर बदलतोय का ऐका. बदलत असेल तर व्हील बेअरिंग. स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फिरवल्यावर कट-कट आवाज आला तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा सांधा. शेवटी दहा मिनिटं एसी लावून उभी ठेवा, पंखा सुरू-बंद होतो ना, काटा हलत नाही ना पाहा, बंद करून लगेच पुन्हा चालू करा.

बॉडीसाठी रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र मिळवा. कारखान्याचा रंग बहुधा ८० ते १५० मायक्रॉन असतो. एका दारावर २५० म्हणजे पुन्हा रंगवलंय, ओरखडा असेल, बिघडलं नाही. ५०० च्या पुढे पुट्टी आहे. पत्र्याच्या दारांपेक्षा छताच्या खांबांवर आणि दाराच्या चौकटीत आत मोजा, तिथे कारखान्याबाहेरचा रंग लागायचं साधं कारण नसतं. बॉनेट उघडून दोन्ही बाजूंचे पुढचे लांब दांडे पाहा: सुरकुती, वेल्डिंगची खडबडीत रेघ, एकीकडचं सीलंट कारखान्याचं आणि दुसरीकडचं बोटाने फासलेलं. हे दिसलं की गाडी सोडा, सांगाडा आणि एअरबॅग दोन्हींबद्दल शंका राहते. पाण्यात गेलेली गाडी शोधायला सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. गुंडाळलेल्या भागावर मातकट रेघ राहते, तिथपर्यंत सहसा कोणी धुवत नाही. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का, डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक गाळ आहे का, कार्पेटखालच्या कनेक्टरच्या पिना हिरवट आहेत का, पाहा. अशी गाडी घेताना चालते. मग दोन-तीन वर्षांत एकेक कंट्रोल युनिट दगा देऊ लागतं आणि कोणालाच दोष सापडत नाही.

सस्पेन्शन, ब्रेक, एसी यांवर मी फार शब्द घालत नाही. टायर आतल्या कडेने जास्त झिजलाय, ब्रेकच्या डिस्कला कडेला झिजून ओठ आलाय, बॅटरी बंद गाडीत १२.४ व्होल्टच्या खाली आहे, हे सगळे खर्च आहेत. त्यांची यादी करून किंमत कमी करून घ्या. एसीच्या झोताचं तापमान मात्र थर्मामीटरने पाहा. मध्यम उन्हात ५ ते १० अंशांवर यायला हवं. गॅस "नुकताच भरलाय" असं सांगितलं तर गळती आहे, आणि ती डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलला असेल तर मजुरीच भागापेक्षा जड जाते.

तर दोन गाड्यांत कोणती? ३८,००० वाली दर वर्षी ऑइल बदललेली, फिलरमधून स्वच्छ, कूलंट रंगीत अशी निघाली तर तीच घ्या. टायर, बॅटरी आणि सगळे फ्लुइड तुमच्या खर्चात धरून. तिची बिलं दोन-तीनच असतील आणि झाकणाखाली काळा थर असेल तर १,१०,००० वाली बरी, पण एका अटीवर: गिअरबॉक्सचं ऑइल निदान एकदा बदलल्याचं बिल हवं. तुमचा स्वतःचा वापर दिवसाला चार किलोमीटर असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्या, की घेतलेली चांगली गाडीही तुम्ही त्याच वाटेने नेणार. मग ऑइल सहा महिन्यांनी बदला आणि आठवड्यातून एकदा तिला अर्धा तास सलग चालवा.

गाडी घरी आणल्यावर जुन्या मालकाने काहीही सांगितलेलं असो, इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट, ब्रेक फ्लुइड आणि नोंद नसेल तर गिअरबॉक्स ऑइल एकदम बदलून घ्या आणि किलोमीटर लिहून ठेवा. सपाट जागी, थंड इंजिनावर डिपस्टिक आणि कूलंटच्या टाकीचा फोटो काढा. पहिले १,००० किलोमीटर दर आठवड्याला त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा पाहा. काही उत्पादक हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल जळणं चालतं म्हणतात. सहा वर्षांच्या घरगुती पेट्रोल गाडीत पाव लिटरच्या वर गेलं तर मी कारण शोधायला लागतो. कूलंट मात्र थेंबभरही कमी व्हायला नको. विकणाऱ्याने काही दिवसांची हमी दिली असेल तर ही दोन्ही मापं आणि एक ताजा स्कॅन ती मुदत संपायच्या आत करून घ्या.